मुऱ्हाळी साडी

२ मार्च १९९७, रविवार

माझं लग्न ठरून आज आठ दिवस झाले. एवढ्यात मला या विषयातलं इतकं कळायला लागलंय की कुणीतरी सल्ला विचारायला यावं असं वाटतं. आज ती सोय झाली. छाया आली होती. आम्ही दोघी मार्केटमधल्या एका शेठच्या गोडाउनात साड्यांच्या घड्या घालून त्या खोक्यात भरतो. तिचंही दिवाळीनंतर ठरणार आहे. ती म्हणाली, तू काय काय करतेस ते लिहून ठेव, म्हणजे माझ्या वेळी डोकं चालवायला नको. शेठने नवीन वर्षाला दिलेली डायरी कोरीच होती, तिचं नशीब उघडलं.

छायासाठी पहिली गोष्ट: तारीख आधी भटजींना विचारू नये, हॉलच्या शेजाऱ्यांना विचारावी. इथे सुरतेत, आपल्या गोडादऱ्यात, हॉलला वाडी म्हणतात. आपल्या समाजाच्या वाडीला लागूनच लूमचं खातं आहे, म्हणजे मागांचा कारखाना. मागच्या वर्षी तिथे एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि ऐकू येत होते फक्त साठ लूम. पाहुण्यांनी चुकीच्या ठिकाणी अक्षता टाकल्या. म्हणून मी आधी खात्याची सुट्टी विचारली, ती रविवारी असते. मग आप्पांनी रविवारातला मुहूर्त काढून आणला, १८ मे, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्यतृतीया झाल्यावर. सगळे म्हणाले पोरगी हुशार आहे. मलाही तसंच वाटलं.

नवरदेवाचं, सागरचं, मत विचारलं तर तो म्हणाला, चालेल. त्याला सगळंच चालतं.

९ मार्च, रविवार

पत्रिका. प्रेसवाला गुजराती, त्यामुळे मराठी मजकूर तो चित्र काढल्यासारखा जुळवतो. पहिल्या प्रुफात मी 'धनश्रि' आणि आप्पा काशिनाथचे 'काशनाथ' झाले होते. ते सुधारलं, तर 'सागर'च गायब. प्रूफ आपण वाचू नये, ज्याला आपलं लग्न माहीत नाही अशा माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावं. आणि नुसतं 'वाडी' छापू नये. गावाकडच्या लोकांना वाटतं सुरतेबाहेर एखादी वस्ती आहे, तिथे शेतं असतील. खाली 'पाण्याच्या टाकीजवळ' असं टाकलं.

मग यादी. वही आप्पांकडे दिली आणि म्हटलं, तुमची माणसं सांगा. आप्पांनी पहिलंच नाव लिहिलं, सौ. शांताबाई, दोंडाईचा. मग बराच वेळ दुसरं नाव लिहिलंच नाही, पेन्सिलीला टोक काढत बसले.

शांताबाई म्हणजे आमची फुई, आप्पांची एकुलती एक बहीण. अकरा वर्षं झाली, ती आमच्याकडे येत नाही, बोलत नाही. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सगळं पुन्हा सांगितलं: काकाच्या लग्नात फुईला दिलेली साडी हलकी निघाली, मिलच्या सेकंड मालातली, आणि फुई जेवायच्या आधी उठून गेली. एका साडीपायी. आणि आमचं घर पडलं साड्यांच्या गावात.

मी तेव्हाच ठरवलं, या लग्नात फुई येणार. तिला अशी साडी देईन की अकरा वर्षांचं सगळं फिटेल. साडीच्या बाबतीत माझ्या डोळ्यांना कुणी फसवू शकत नाही.

१२ मार्च, बुधवार

फुईला पत्रिका पोस्टाने धाडली. पाकिटावर पत्ता मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिला. आप्पांनी तीनदा विचारलं, टाकलीस का? संध्याकाळी चौथ्यांदा. मी म्हटलं, आप्पा, पोस्ट खात्यावर विश्वास ठेवा. ते म्हणाले, हो, तसं नव्हे. लग्नाच्या घरात माणसं विसराळू होतात, हे छायाला सांगायला हवं.

३० मार्च, रविवार

सागर आला होता. तो इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटावर फिटर आहे, राहतो नवागामला, आणि सहावीपासून दहावीपर्यंत गावाकडे आजीजवळ शिकलाय. त्याची आई मालतीबाई फार चांगल्या आहेत, कारण त्या माझ्या सगळ्या यादीला मान डोलावतात. मी सागरला बूट घेऊन दिले आणि बजावलं की रोज घरात अर्धा तास घालायचे. नवऱ्याचे बूट लग्नाच्या दिवशी चावले की फोटोत चेहरा कळतो. ब्लाउज मात्र शेवटच्या पंधरवड्यात शिवायचे. लग्न ठरल्यावर प्रत्येक घरी जेवायला बोलावतात आणि माप बदलतं, माझं बदललंय.

सागर म्हणाला, आठवड्यातून एक तास तरी लग्नाचं सोडून दुसरं काही बोलू या. मी म्हटलं, उदाहरणार्थ? तर तो विचार करत बसला. मग म्हणाला, तुला काय वाटतं ते. मी म्हटलं, मला वाटतं मांडवाचं कापड पिवळं नको. तो हसला.

६ एप्रिल, रविवार

फुईचा निरोप आला! आप्पा ज्या लूमच्या खात्यात काम करतात तिथे सखाराम नावाचे एक कारागीर आहेत, त्यांचं गाव फुईच्या गावाला लागूनच. ते गावी जाऊन आले. आज आले तेव्हा आई-आप्पा बाजारात होते, म्हणून निरोप स्वातीला देऊन गेले. स्वाती माझी धाकटी बहीण, गुजराती शाळेत नववीत आहे. ती तुकडे तुकडे आठवत आली. फुई म्हणाली, "मुऱ्हाई धाडा, मंग येसू."

स्वातीने विचारलं, ताई, मुऱ्हाई काय असतं? मी जरा विचार केला आणि उलगडा झाला. अहिराणीत ळ चा य होतो. केळीला आप्पा केयी म्हणतात. म्हणजे शुद्ध शब्द मुऱ्हाळी. पैठणी, इरकली, मुऱ्हाळी. साडी! फुईला नुसती भारी साडी नको, तिला ठरावीक जातीची साडी हवी आहे, आणि ती आधी पाठवायला हवी आहे. बाई भलतीच पक्की आहे.

आई-आप्पांना सांगायचं नाही असं ठरवलं. सांगितलं तर आई म्हणेल बघ, साडीवरच अडलंय, आणि आप्पा खाली मान घालतील. स्वातीला शपथ घातली.

९ एप्रिल, बुधवार

छायाला घेऊन दुपारच्या सुट्टीत मार्केट पालथं घातलं. गोडाउनातल्या मुनीमजींना मुऱ्हाळी माहीत नाही. छपाईच्या डिझाइनवाल्यालाही नाही. मला स्वतःला माहीत नाही याची जास्त लाज वाटली. सहा वर्षं साड्यांत काढली आणि गावाकडच्या एका बाईला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

सातव्या दुकानात विचारलं तर दुकानदाराने पापणीही हलवली नाही. "छे ने बेन, बेसो ने," म्हणजे आहे ना, बसा, असं म्हणाला आणि वरच्या फळीवरून एक निळी साडी काढली. सबंध पदरावर मोर आणि मोरांच्या चोचीत बासऱ्या. म्हणाला, हीच मुरली, हीच मुरहाली, गावडांमां एवुंज बोले, खेड्यात असंच म्हणतात. कापड चांगलं होतं, हाताला कळतं. पण मोर बासरी कसा वाजवेल, हे मी त्याला विचारलं नाही. घेतली.

सुरतेत कुठल्याही दुकानात 'नाही' असं ऐकायला मिळत नाही, हे छायाने आपलं आपणच लिहून ठेवलं.

१३ एप्रिल, रविवार

साडी पाठवायला मन होईना. सखाराम तर आता महिनाभर गावी जाणार नाहीत, आणि पोस्टाने गेली आणि हरवली तर? त्यापेक्षा फुईला पत्र लिहिलं: 'सा. न. वि. वि. आपल्या इच्छेप्रमाणे मुऱ्हाळी घेऊन ठेवली आहे. रंग निळा आहे. लग्नाला आलात की लगेच मिळेल. आपली धनश्री.' छोटं आणि मुद्देसूद.

आता फुई येणारच. आप्पांना काहीच माहीत नाही. आज खात्यातून आले आणि विचारत होते की दोंडाईच्याहून काही टपाल? मी गालातल्या गालात हसले.

२५ एप्रिल, शुक्रवार

पत्राला उत्तर नाही. फुईला निळा आवडत नसेल का?

मेहंदीवाली, आचारी, पाण्याचा टँकर, सगळं पक्कं झालं. आचाऱ्याला माणसं नेहमी कमी करून सांगावीत, तो आपणहून वाढवतो. टँकरवाल्याला वेळ दोन तास आधीची सांगावी. घरातल्या माणसांना काय सांगावं हे अजून मला कळलेलं नाही. आप्पा हल्ली अर्धी भाकरी ठेवून उठतात. विचारलं तर म्हणतात, पित्त झालंय.

२७ एप्रिल, रविवार

हे पान छायाला दाखवायचं नाही.

सागर आला होता. मला वाटलं त्याला तरी सांगावं, नवऱ्यापासून लपवून कशाला. पेटीतून साडी काढली, मोर दाखवले आणि सगळं रामायण सांगितलं. तो ऐकत होता. मग त्याचा चेहरा लाल झाला, मग तो भिंतीला टेकला आणि हसत हसत खाली बसला. मी इतके दिवस म्हणते याला खदखदून हसू येत नाही, तर सगळं हसू त्याने आजसाठी राखून ठेवलं होतं. मी रागावून साडी घडी करायला लागले. तेव्हा तो उठला आणि हसायचा थांबला.

म्हणाला, "धनू, मुऱ्हाळी ही साडी नाही. माणूस असतो."

मग त्याने समजावून सांगितलं. सासरी असलेल्या बाईला सणाला, लग्नाला माहेरी न्यायला भाऊ येतो, नाहीतर भाचा, वडील, कुणीतरी. तो येतो तेव्हाच ती निघते. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आजीच्या गावाला आखाजीच्या आधी प्रत्येक घरातली सून दारात उभी राहायची, कोण येतंय ते बघत. ज्या घरी मुऱ्हाळी आला नाही त्या घरच्या सुनेला शेजारणी काही विचारायच्या नाहीत, म्हणजे विचारल्यासारखंच.

मी म्हटलं, मला कसं माहीत असणार? आईचं माहेर आमच्या मागच्या गल्लीत. मामा कढईतली भाजी मागायला रोज येतो, त्याला कोण मुऱ्हाळी म्हणेल?

सागर म्हणाला, मग फुईने तुला साडी मागितली नव्हती. भाऊ मागितला होता. आणि तू तिला कळवलंस की घेऊन ठेवलाय, रंग निळा.

मला हसूही आलं आणि मी रडलेही. किती मूर्ख आहे मी. एक तास झाला आणि लग्नाचं आम्ही काहीच बोललो नाही, हे तो गेल्यावर लक्षात आलं.

२८ एप्रिल, सोमवार

आप्पांना सांगितलं. साडीचं, पत्राचं, सगळं. ते रागावले नाहीत. मला वाटलं होतं त्यांना आश्चर्य वाटेल, तेही वाटलं नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, "माले सुट्टी नही."

मी म्हटलं, लग्नासाठी तर दहा दिवसांची मिळाली आहे. त्यावर ते खात्याला निघून गेले, पाळीला अजून तासभर होता.

आई म्हणाली, नाही जायचे ते. ते भितात. दारातून परत फिरवलं तर?

मला हे सुचलंच नव्हतं. मी इतक्या याद्या केल्या, त्यात भीती कुणाची ते लिहायला रकाना नव्हता.

७ मे, बुधवार

ठरलं. मी जाणार. परवा आखाजी आहे, त्या दिवशी पोहोचायचं. आई म्हणते मुलगी मुऱ्हाळी म्हणून जात नाही, त्यातून लग्न ठरलेली तर नाहीच. मी म्हटलं, भाऊ असता तर तो गेला असता. मला भाऊ नाही. तर मीच. मालतीबाईंनाही विचारलं, त्यांनी या वेळी मान डोलावली नाही, सरळ म्हणाल्या, जा, आमच्याकडून ना नाही. मी त्यांना उगाच मान डोलावणारी बाई समजत होते.

सागर सोबत यायला तयार होता. नवरा मुलगा नवरीच्या आत्याला आणायला गेलेला कुणी ऐकलंय का? त्याला बूट घालायला पाठवलं.

१० मे, शनिवार

काल सकाळी आप्पा मला उधना स्टेशनवर सोडायला आले. त्यांची पाळी होती, हातात खात्यावर न्यायचा डबा. भुसावळ पॅसेंजर आली. मी चढले, त्यांनी माझी पिशवी खिडकीतून दिली. मग तिथेच उभे राहिले. गाडी हलली आणि आप्पा हातातल्या जेवणाच्या डब्यासकट आत चढले. तिकीट नाही, बदलायला कपडे नाहीत, खात्याला कळवलेलं नाही. माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, नंदुरबारपर्यंत येतो. नंदुरबारला मी काही विचारलं नाही, त्यांनीही उतरायचं नाव काढलं नाही. टीसीने तिथे दंड घेतला, तो त्यांनी इतक्या आनंदाने भरला की टीसीच संशयाने बघायला लागला.

दोंडाईच्याहून जीपने फुईच्या गावी. आखाजी असल्यामुळे झाडाझाडाला झोके, आणि झोक्यांवर गावच्या माहेरी आलेल्या लेकी. आप्पा मारुतीच्या पारापाशी थांबले. म्हणाले, तू पुढे हो. मी ओढायला बघितलं, पण त्यांचे पाय खरंच निघत नव्हते.

फुईच्या गल्लीत एकही सून दिसेना, सगळ्या आपापल्या माहेरी. एका दारात एकच बाई पुरणपोळ्या करत होती, एकटी. आप्पांचंच नाक. मी पाया पडले आणि म्हटलं, मी धनश्री, काशिनाथची. मुऱ्हाळी उनू, न्यायला आले.

फुईने मला खालून वर पाहिलं. म्हणाली, "पोर कधी मुऱ्हाई व्हस का?"

मी म्हटलं, भाऊ नाही मला. मग खोटं का बोलू, म्हणून सांगितलं, "तुमचा भाऊ आलाय. पारावर बसलाय."

फुई तशीच उठली, हाताला पीठ, तव्यावर पोळी. मी पोळी उतरवून मागे धावले. आप्पा पारावर डबा मांडीवर घेऊन बसले होते. तिला बघून उभे राहिले. माझे आप्पा पन्नाशीचे आहेत, चाळीस लूम सांभाळतात, आणि ते शाळेत उशिरा पोहोचलेल्या मुलासारखे उभे होते.

फुई म्हणाली, "घर दिखनं नही का तुले?"

आप्पांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"काय लयना माले?"

मुऱ्हाळ्याने काहीतरी न्यायचं असतं. आप्पांनी आपल्या हातांकडे बघितलं आणि डबा पुढे केला. सकाळी आईने भरलेला, दोन भाकरी आणि ठेचा, खात्यावर खायचा. फुई पारावर बसली, डबा उघडला आणि खायला लागली. घरी पुरणपोळ्या झाल्या होत्या, आणि ही शिळी भाकरी खात होती. रडत होती आणि खात होती. ठेचा तिखट होता असं नंतर तिने सगळ्यांना सांगितलं.

आज परतीच्या गाडीत फुई माझ्या शेजारी बसली. मी धीर करून साडीचं विचारलं, काकाच्या लग्नातलं. ती म्हणाली, साडी कुणाला आठवते. त्या लग्नाला काशिनाथने पोस्टाने कार्ड धाडलं, न्यायला कुणी आलं नाही. सासरच्यांनी विचारलं, तुला बोलावलंय की नुसतं कळवलंय? तरी ती दोन लहान मुलं घेऊन एकटी आली. मांडवात सगळे कामात होते, कशी आलीस हे कुणी विचारलं नाही. मग उठून जायला काहीतरी कारण हवं होतं, साडी हातात होती.

समोर आप्पा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना हे सगळं ठाऊक होतं, अकरा वर्षं, हे मला आता कळलं. बारा मार्चला मी पत्रिका टाकली तेव्हा चारदा का विचारलं, तेही.

निळ्या साडीचा किस्सा मी फुईला सांगितला. ती इतकी हसली की समोरच्या बाकावरच्या बायकांनी बोचक्याला गाठी मारायचं थांबवून तिच्याकडे बघितलं.

१७ मे, शनिवार

हळद लागली, पानावर डाग पडतील, पडोत. दुपारी थोडा वेळ मिळाला म्हणून लिहिते.

फुईने घराचा ताबा घेतला आहे. माझ्या सगळ्या याद्या तिने एका बाजूला ठेवल्या. आचाऱ्याला तिने खरी माणसं सांगितली, आणि तो ऐकतो. मांडव पिवळाच होतोय. आप्पांना तर ती दिवसभर रागावते. हे असं का बांधलं, ते तिथे का ठेवलं, तुला कधी अक्कल येणार. आप्पा सकाळपासून सात वेळा पाणी प्यायला आत आले, मी मोजलंय. प्रत्येक वेळी रागावून घेऊन खूश होऊन बाहेर जातात.

आत्ता स्वाती माझ्या पायाला आळता लावत होती. मी तिला चिडवत म्हटलं, आता मलाही मुऱ्हाळी लागणार. भाऊ नाही, तर तुलाच यावं लागेल. स्वाती म्हणाली, ताई, तू नवागामला जातेस. सायकलवर वीस मिनिटं. मी कार्ड टाकीन.

मीही हसले. बरोबर आहे, इतक्या जवळ कोण कुणाला न्यायला जातं. मी म्हटलं, मीच येईन चालत, आठवण झाली की.

आप्पा दारात उभे होते, आठव्यांदा. हातात रिकामा पेला. म्हणाले, "नही."

आम्ही दोघी वर बघायला लागलो.

"तू एकटी यवानं नही," ते म्हणाले. "तू वाट देखजो. मी येसू."

आणि पाणी न पिताच बाहेर गेले.